उरलेल्या साडेसात टक्क्यांचं भांडण

गुलमंडीवरून सराफ्याकडे वळलं की चांदीच्या दुकानांत दिवसभर एकच प्रश्न कानावर पडतो: "काळी नाही ना पडणार?" भाव किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून या प्रश्नाला धार आली आहे. दुकानदार ९२५ चा ठप्पा दाखवतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि विषय मिटतो. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. राहिलेले ७५ भाग कशाचे, हे ठप्पा सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. शेकडो वर्षं ती जागा तांब्याची होती. गेल्या तीसेक वर्षांत तिथे जर्मेनियम, पॅलॅडियम, सिलिकॉन अशी नवी मंडळी शिरली आहेत.

या ७५ भागांवरून इथे दोघांना बोलतं केलं आहे. काका सराफ्याच्या गल्लीत माडीवर बसून चांदीकाम करणारे सोनार. पुतणी पुण्यात धातुशास्त्र शिकून आलेली, आता स्वतःचे दागिने घडवून विकणारी. माणसं कल्पित आहेत. त्यांच्या बाजू मात्र बाजारात खऱ्याच आहेत.

पुतणी: काका, सरळच विचारते. तुमच्या हातचं पैंजण एका पावसाळ्यात काळवंडतं. बाई परत येते, तुम्ही ते रिठ्याच्या पाण्यात उकळून ब्रशने घासून देता. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. सहजी न काळवंडणारी चांदी जगात निघाली आहे, तरी तुम्ही पारंपरिक स्टर्लिंग, म्हणजे तांबं मिसळलेली ९२५ चांदी, सोडायला तयार नाही. तांब्याला एवढं धरून का बसायचं?

काका: कारण तांबं ऐकतं, बेटा. शंभर टंचाची, म्हणजे निव्वळ शुद्ध चांदी नुसती घडवून बघ. जोडव्याचा वेढा सैल होतो, अंगठीची कड दबते, नक्षी झिजून सपाट होते. तिला कणखर करायचं तर काहीतरी मिसळावंच लागतं. तांबं स्वस्त, कुठल्याही गावात मिळणारं आणि चांदीशी जमवून घेणारं. आजोबांनी तेच मिसळलं, मीही तेच मिसळतो.

पुतणी: जमवून घेतं हे खरंच. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबं १०८५ ला. पण ७२ भाग चांदीत २८ भाग तांबं घातलं की ७८० अंशांनाच रस होतो, दोघांच्याही आधी. सांधे जोडणारी तुमची झाळ याच गुणावर चालते. हे सगळं मान्य. पण हेच तांबं दागिना लवकर काळा करतं.

काका: चांदी काळी पडते ती अंगातल्या उष्णतेनं, असं तुझी काकू म्हणते.

पुतणी: आणि तुम्ही काय म्हणता?

काका: गिऱ्हाइकासमोर मी काकूच्या बाजूने असतो.

पुतणी: मग काकूलाही सांगा. तो काळा थर म्हणजे चांदीचं सल्फाइड. गटारातून, धुरातून, कुजणाऱ्या कचऱ्यातून गंधकाचे वायू हवेत येतात. अंडी, कांदा, लोकर, रबर यांतही गंधक असतो. रबरबँड गुंडाळून ठेवलेल्या पैंजणावर नेमका रबराच्या जागी काळा पट्टा उमटतो तो त्यामुळे. हवा दमट असली की ही क्रिया जोर धरते, म्हणून तुमच्याकडे पावसाळ्यात गर्दी. शुद्ध चांदीसुद्धा काळी पडते, पण तांबं मिसळलेली अधिक लवकर. आणि तुम्ही घासून जो काळा थर काढता, त्यात गिऱ्हाइकाची चांदीच जाते.

काका: न घासता निघतो का?

पुतणी: निघतो. काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, दागिना फॉइलला टेकेल असा ठेवा, वर कडकडीत पाणी आणि चमचाभर खायचा सोडा. सडक्या अंड्याचा वास आला की काम सुरू झालं समजा. गंधक चांदीला सोडून जातो, चांदी जागच्या जागी राहते. खडे, मोती किंवा मुद्दाम काळी केलेली नक्षी असेल तर मात्र हे करायचं नाही.

काका: म्हणजे उपाय घरातच आहे. मग नवी चांदी कशाला? आणि ते ‘पारंपरिक स्टर्लिंग’ काय म्हणू लागली तू? परंपरा कोणाची?

पुतणी: इंग्लंडची. १३०० साली पहिल्या एडवर्डच्या कायद्याने स्टर्लिंगपेक्षा हलक्या चांदीचा माल विकायला मनाई झाली आणि तपासलेल्या मालावर बिबट्याच्या मुखाचा ठप्पा आला.

काका: इंग्लंडची, म्हणजे गुलमंडीची नाही. इथे ९२५ हा आकडा माझ्या डोळ्यांदेखत आला. माझ्या वडिलांच्या तोंडी तो कधी नव्हता. त्यांच्याकडे बाई पदराच्या गाठीत रुपये बांधून आणायची आणि म्हणायची, याचे वाळे करा, याच्या तोरड्या करा. रुपया मुशीत आटवायचा आणि दागिना घडवायचा. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचा, त्यामुळे इथे रुपयेही दोन. एक इंग्रजांचा कलदार, दुसरा निजामाचा हाली शिक्का, चारमिनारचं चित्र असलेला. दोन्ही चांदीचे, पण सारखे नव्हेत.

पुतणी: फरक कितीचा?

काका: कलदार ११.६६ ग्रॅमचा. आपला तोळा तो हाच. त्यात चांदी ९१.७ टक्के. हाली वजनाला ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि चांदी ८१.८ टक्के. म्हणजे एका कलदारात साडेदहा ग्रॅमच्या वर शुद्ध चांदी, हालीत नऊच्या थोडी वर. कलदार आटवून केलेले तोडे तुझ्या स्टर्लिंगच्या जवळ जात, हालीचे बरेच खाली राहत. पुढे १९४० मध्ये, लढाईच्या दिवसांत, इंग्रजांनी कलदारातली चांदी निम्म्यावर आणली. बाकी ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त. रुपया मुशीत टाकायच्या आधी त्यावरचं साल वाच, हा मला मिळालेला पहिला धडा.

पुतणी: म्हणजे मिश्रधातू बदलतात, याची तुम्हाला सवयच आहे.

काका: तेच सांगतोय. आम्ही एका आकड्याला कधीच चिकटून नव्हतो. कशात काय आहे ते ओळखायचं आणि तसा भाव सांगायचा, एवढंच आम्हाला शिकवलेलं. तू आणलेली चांदी मला ओळखू येत नाही, ही माझी खरी अडचण.

पुतणी: तर ओळख करून देते. आधी तुमचीच ९२५ ची पट्टी घ्या. ठोकून ठोकून कडक झाली, आता नरम करायची. लाल होईपर्यंत तापवली, काळी पडली. पातळ तेजाबात टाकली, पांढरी निघाली. आता कडेवर कानस मारा.

काका: जांभळट करडा डाग. याच्याशी झगडण्यात आयुष्य गेलं माझं.

पुतणी: तापलेल्या चांदीतून ऑक्सिजन आत शिरतो आणि पृष्ठभागाखालच्या तांब्याला गाठतो. तेजाब वरचं काळं काढतं, आतला डाग तसाच राहतो. तो घालवायला वरचा थर घासून काढावा लागतो. कारागिराचा वेळ जातो आणि चांदीची भुकटी होते.

काका: घासायची नसेल तर आमच्याकडे दुसरी रीत आहे. तापवायचं, तेजाबात टाकायचं, परत तापवायचं, परत टाकायचं. दर खेपेला वरचं थोडं तांबं निघून जातं आणि शेवटी वर नुसत्या चांदीचा पापुद्रा उरतो. याला आम्ही सफेदी आणणं म्हणतो. जुनी माणसं तेजाबाऐवजी चिंचेच्या किंवा तुरटीच्या पाण्यात उकळायची.

पुतणी: पैंजणावर तो पापुद्रा किती टिकतो?

काका: टाचेला घासेपर्यंत.

पुतणी: आता ही दुसरी पट्टी. हजारात ९३५ भाग चांदी, जर्मेनियम एक टक्क्याच्या आसपास, बाकीचं तांबंच. लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठात पीटर जॉन्स यांनी १९९० च्या दशकात हा मिश्रधातू सिद्ध केला. ‘आर्जेंटियम’ या नावाने तो विकला जातो. जर्मेनियम विरजणाएवढंच, पण चांदीचा स्वभाव पालटतं. ऑक्सिजन तांब्यापर्यंत पोचायच्या आधी ते पृष्ठभागावरच त्याला अडवतं आणि पारदर्शक ऑक्साइडचा थर धरतं. आत डाग पडत नाही आणि बाहेरच्या गंधकालाही अटकाव होतो. ओरखडा गेला तर तिथे थर पुन्हा धरतो.

काका: मग कधीच काळी पडत नाही?

पुतणी: पडते, पण फार सावकाश. पिवळसर झाक येते, ती मऊ कापडाने पुसली जाते. ‘कधीच नाही’ असं सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवू नये.

काका: हे खरं बोललीस. आणि हे जर्मेनियम मिळतं कुठे?

पुतणी: सापडलं तेच चांदीच्या खनिजात. १८८६ साली जर्मनीत फ्रायबर्गला क्लेमेन्स विंक्लर आर्जिरोडाइट नावाच्या खनिजाचं पृथक्करण करत होते. चांदी मोजली, गंधक मोजला, तरी बेरीज शंभराला पोचेना. दर वेळी सात टक्क्यांच्या आसपास तूट. तराजूला दोष न देता ते त्या तुटीच्या मागे लागले आणि तिच्यातून हे मूलद्रव्य निघालं. मेंडेलेएव्हने १८७१ मध्येच आपल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याच्यासाठी जागा रिकामी ठेवली होती.

काका: विंक्लरसाहेबांनी उरलेल्या सातांचा हिशेब मागितला म्हणायचा. आमचं गिऱ्हाईक मागत नाही. बरं, आता माझे प्रश्न. पट्टी लाल असताना मी चिमट्याने उचलली तर?

पुतणी: मोडू शकते. लालबुंद असताना ती ठिसूळ असते. सपाट टेकवून तापवायची, लाली पूर्ण जाईपर्यंत हात लावायचा नाही, मगच पाण्यात विझवायची.

काका: हे तू मला सांगितलंस म्हणून कळलं. पैठणला, सिल्लोडला, वैजापूरला बसलेल्या सोनाराला कोण सांगणार? त्याच्यापुढे पांढरा दागिना येतो, वर ९२५ चा ठप्पा. तो नेहमीसारखी फुंकणी मारतो, लाल झाला की उचलतो. हातात दोन तुकडे आणि समोर चिडलेली बाई. तांब्याच्या चांदीचा मोठा गुण कोणता, तर ती कुठल्याही गावात, कुठल्याही सोनाराच्या हातून दुरुस्त होते. तुझी चांदी ओळखीच्या माणसाकडेच न्यावी लागणार.

पुतणी: यावर माझ्याकडे उत्तर नाही. आजची स्थिती तशीच आहे.

काका: दुसरी गोष्ट मोडीची. आपल्याकडे चांदी येते ती परत जाण्यासाठी. लग्न निघालं, दवाखाना लागला, बियाणं घ्यायचं, की डबीतलं काढून सराफ्यात. मी टंच काढतो आणि चांदीचे पैसे देतो. जर्मेनियमचे कोण देणार?

पुतणी: कोणी नाही. तांब्याचे तरी कोण देतं? पण जर्मेनियम तांब्याच्या कितीतरी पट महाग, म्हणून तोटा जास्त जाणवतो. प्रकाशतंतू आणि रात्री पाहण्याच्या दुर्बिणींची भिंगं यांनाही तेच लागतं. २०२३ च्या ऑगस्टपासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना बंधनकारक केला आहे. शिवाय दोन्ही प्रकारच्या चांदीची कात्रणं वेगळी ठेवावी लागतात. एका मुशीत गेली की नव्या चांदीचे गुण हरवले.

काका: तिसरी गोष्ट. काळेपणा प्रत्येक वेळी नकोच असतो असं नाही. खाचेत काळं बसलं तरच नक्षी वाचता येते. आपल्या शहरात बिदरीचं काम चालतं. तिथे जस्ताच्या भांड्याला मुद्दाम काळं करतात, म्हणून त्यावरची चांदीची वेल उठते. ऑक्सिडाइज्ड झुमके घ्यायला कॉलेजच्या पोरी याच रस्त्यावर गर्दी करतात. त्यांना काळं हवंच असतं. तुझी चांदी काळी कशी करायची?

पुतणी: गंधकाचं द्रावण दाट आणि गरम लागतं, वेळ जास्त जातो. होते, पण कुरकुरत. नक्षीकामाला तुमचं तांबंच बरं, हे मी मान्य करते. आता माझा हुकमाचा पत्ता. बाजारातलं पैंजण साठ-सत्तर टंचाचं का असतं?

काका: कड्यांमुळे. जितक्या कड्या, तितकी झाळ. घुंगरू बसवायचं तरी झाळ. झाळेत चांदी कमी, जस्त-तांबं जास्त, म्हणून आख्खा दागिना आटवला की टंच उतरतो. झाळेच्या आडून मूळ धातूही हलका लावणारे आहेत, तेही नाकारत नाही.

पुतणी: जर्मेनियमच्या चांदीला झाळच लागत नाही. कडीची टोकं घट्ट भिडवायची, ज्योत सारखी फिरवत ठेवायची. रस होण्याच्या जरा आधी दोन्ही टोकं एकजीव होतात. सांधा त्याच धातूचा, त्याच टंचाचा.

काका: शुद्ध चांदीची कडीही अशी जोडते. पण ती मऊ पडते, पायात ताणली जाते.

पुतणी: ही ताणली जात नाही. घडवून झाल्यावर भट्टीत ३०० अंशांच्या आसपास तास-दीड तास ठेवली की आणखी कडक होते.

काका: हे मला करून दाखव. तू म्हणतेस तसं असेल तर पैंजणाचं गणितच बदलतं. आजवर पैंजण मोडीला आलं की गिऱ्हाइकाचं तोंड पडायचं, कारण घेताना वजन धरलं होतं आणि विकताना टंच. सांध्यातली ती तूट गेली तर भांडणाचं मोठं मूळ गेलं.

पुतणी: दाखवते. पण तोवर बाजारात ‘काळी न पडणारी’ म्हणून काय खपतंय तेही सांगा.

काका: रोडियमचं पाणी दिलेलं ९२५, दुसरं काय.

पुतणी: रोडियम प्लॅटिनमच्या घराण्यातला. चकाकतो, काळवंडत नाही. पण थर फार पातळ. कानातल्यावर टिकतो, अंगठीवर आणि पैंजणावर घासून जातो. मग जिथे गेला तिथली चांदी काळी आणि बाजूचं पांढरं, असं ठिगळ दिसतं. आणि ‘जर्मन सिल्व्हर’चा तर चांदीशी काही संबंधच नाही. तांबं, जस्त आणि निकेल. त्या निकेलने अनेकांच्या कातडीला खाज सुटते.

काका: म्हणून हॉलमार्क बघावा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही एचयूआयडी आला, सहा अक्षरं-आकड्यांचा.

पुतणी: सोन्याला हॉलमार्क सक्तीचा आहे, चांदीला अजून ऐच्छिक. तरी चांगलंच आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक घातला की टंच खरा की खोटा ते कळतं. पण मिसळ कशाची, हे तिथेही नाही. ९३५ ची ही चांदीसुद्धा ९२५ च्याच ठप्प्यात बसते. तुमच्या सिल्लोडच्या सोनारासमोर दोन्ही सारख्याच.

काका: मग ते पावतीवर लिहायचं. एका ओळीत टंच, दुसऱ्या ओळीत मिसळ. मिसळ तांब्याची असेल तर तसं. जर्मेनियमची असेल तर पुढे आणखी चार शब्द: लाल असताना उचलू नये. आणि ठप्प्याशेजारी आपली एक बारीक खूण, दुरुस्ती करणाऱ्यासाठी.

पुतणी: आणि कशाला कुठली चांदी वापरायची?

काका: जोडवी, तोडे, कडदोरा, जे ठोकून घडतं, गावात दुरुस्त होतं आणि मोडीत येतं, ते तांब्याचं. कानातलं, नाजूक साखळी, शहरात राहणाऱ्या पोरींचं, ते तुझं.

पुतणी: पैंजण?

काका: पैंजणावर भांडण बाकी आहे. सांधा तुझा सरस, दुरुस्ती माझी सोपी.

पुतणी: पैंजण तुटतं ते सांध्यातच ना? सांधाच मूळ धातूचा झाला तर दुरुस्तीला येईल कशाला?

काका: फासा झिजेल, घुंगरू गळेल. फासा आणि घुंगरं तांब्याच्या ९२५ ची ठेव, मधल्या कड्या तुझ्या. एक जोड तशी करू आणि घरातल्याच कुणाच्या तरी पायात घालू. पावसाळा काढल्यावर बोलू.

पुतणी: चालेल. पण पावती वाचतं कोण, काका?

काका: रुपया दगडावर वाजवून घेणाऱ्या बायांच्या नाती आहेत या. कलदार कुठला आणि हाली कुठला, हे त्यांच्या आज्यांना कुणी लिहून दिलं नव्हतं. यांना दोन ओळी वाचता येणार नाहीत, असं कसं धरतेस?

पुतणी: मग सुरुवात तुमच्या कपाटापासून करा. ही तयार कानातली बाहेरून कास्टिंग होऊन येतात. ओतीव काम चकचकीत निघावं म्हणून त्यात कधी सिलिकॉन असतं, कधी जस्त. सिलिकॉनचं प्रमाण चुकलं तर धातू ठिसूळ होतो आणि झाळ नीट धरत नाही. यांच्या ७५ भागांत काय आहे?

काका: ठप्पा बघून घेतली. पुढचं विचारलं नाही कधी.

पुतणी: तेच गिऱ्हाईकही करतं.

काका: उद्या ठोक व्यापाऱ्याला फोन लावतो. त्याला सांगता आलं तर पावतीवर चढवू. नाही आलं तर माल परत, ठप्पा कितीही खरा असो.